मखमलीखालचा फोटोग्राफर

माझा मावसभाऊ ऐबेक कोरियात कामाला गेला, तेव्हा जाताना त्याचा डिजिटल कॅमेरा माझ्या हातात ठेवून गेला. कॅमेरा ठणठणीत होता, फक्त त्याला लेन्स नव्हती. ती त्याने आदल्या उन्हाळ्यात घोड्यावर बसून फोटो काढण्याच्या नादात दगडावर आपटली होती. "एल्नुरा, लेन्स तेवढी बघ, बाकी सगळं आहे," म्हणाला. म्हणजे बैल दिला, पाय तेवढे बघ, असाच प्रकार.

नव्या लेन्सची किंमत मी कराकोलच्या दुकानात विचारली आणि "येते हं नंतर" म्हणून बाहेर पडले. तेवढ्या पैशांत दोन मेंढ्या आल्या असत्या, आणि आमच्या घरात काहीही घ्यायचं म्हटलं की आधी त्याच्या मेंढ्या किती होतात ते बघतात.

तेव्हा मी शाळेतून रजेवर होते. चोल्पोन, माझी मुलगी, अकरा महिन्यांची होती आणि धरून धरून उभी राहायला लागली होती. माझा नवरा तालांत बिश्केकच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतो, आठवड्यातले चार दिवस घरी नसतो. घरात मी, चोल्पोन आणि सासू-सासरे. सासऱ्यांचं नाव मी घेणार नाही, आमच्यात सून घेत नाही. गाव त्यांना साके म्हणतं, मी अताके म्हणते. सासूबाईंना एने.

रविवारी बाजाराच्या मागे जुन्या सामानाची रांग लागते. जमिनीवर चादरी, चादरीवर नळ, समोवारची झाकणं, एकेकटे स्केट्स. तिथे झोया नावाची एक रशियन बाई नवऱ्याच्या पश्चात त्याच्या वस्तू विकत होती. बटणांच्या डब्याशेजारी एक लोकरीचा मोजा होता आणि मोज्यात काहीतरी जड. काढून बघितलं तर लेन्स. काळी, बोटभर उंच, पुढच्या काचेत जांभळी-निळी झाक.

"झेनित कॅमेऱ्याची आहे," झोया म्हणाली. "पाचशे सोम. मोजा फुकट."

"डिजिटल कॅमेऱ्याला चालेल?"

"ते मला काय माहीत. ह्याच्यात मोटर नाही, वायर नाही, काही नाही. हाताने फिरवायचं. हल्लीच्या मुलींना हाताने काही फिरवायची सवय राहिलेली नाही."

"मी रोज पीठ मळते."

"मग जमेल," म्हणाली आणि मोज्यासकट लेन्स माझ्या पिशवीत टाकली.

घरी आले तेव्हा अताके सफरचंदाच्या झाडाखाली बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रासाठी फोटो काढले. गवळणी, कुस्तीगीर, नवे पूल, शाळेत पहिली आलेली मुलं. मी घरात आले त्याच्या कितीतरी आधी त्यांनी ते सोडलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, रीळ मिळेनासं झालं. आमच्या मोबाईलमधल्या फोटोंवर मात्र त्यांचा कायमचा राग. तालांत त्यांना एखाद्या लग्नाचे दोनशे फोटो दाखवायला लागला की तिसऱ्यालाच हात झटकायचे, "दोनशे वेळा बोट दाबलंय, बघितलंय एकदा तरी?"

मी लेन्स त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटले आणि बोटं फिरवली.

"हेलिओस," म्हणाले. "पुढे उजेडाच्या दोन कड्या आहेत, बघ. एकीने भिंगाचं तोंड किती उघडायचं ते ठरवायचं, दुसरीने उघडझाप करायची. ही मोठी अंतराची. घट्ट झालीय, ग्रीस वाळलंय." मग कडी जोर लावून थोडी फिरवली. "हे झालं एक मीटर." आणखी थोडी. "हे तीन. बघ, बरोबर आहे का?"

मी आकडे वाचले. एक. तीन.

त्या आठवड्यात आम्ही ती लेन्स उघडली. म्हणजे मी उघडली. अताके शेजारी बसून सांगत होते, मी चोल्पोनच्या झोपेच्या वेळात तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू काढत होते. "तीन स्क्रू असतील. सगळे एकदम काढू नकोस. आता कडी वर उचलायच्या आधी पेन्सिलीने खूण कर, नाहीतर परत बसवताना आटा चुकेल." खूण केली, वाळलेलं ग्रीस पुसलं, नवं लावलं, परत बसवलं. कडी लोण्यासारखी फिरायला लागली. ते स्वतः एकाही स्क्रूला हात लावत नव्हते. मला वाटलं, साहेबी सवय. मदतनिसाकडून करून घ्यायची.

पुढची अडचण अशी की लेन्सच्या बुडाला आटे होते आणि कॅमेऱ्याच्या तोंडाला खाचा. दोघांच्या मधे एक कडी लागते. मागवली तर महिना लागला असता. अताके म्हणाले, "इस्मारकडे जा. लेथ त्याचा आहे, माप माझं सांग."

इस्मार दुंगान आहे, म्हणजे पूर्वी चीनमधून आलेल्या मुसलमानांपैकी, मशिदीच्या मागच्या शेडमध्ये ट्रॅक्टरचे सुटे भाग करतो. त्याने कॅमेरा उलटासुलटा करून बघितला. "साके अजून असले उद्योग करतात?"

"मी करतेय."

"मग साकेंनी बिघडवलं तुला." दोन दिवसांनी त्याने अॅल्युमिनियमची एक सुबक कडी करून दिली.

मी सगळं जोडलं, बटण दाबलं. काही नाही. पडद्यावर रशियनमध्ये ओळ आली, लेन्स जोडलेली नाही.

"अताके, हा म्हणतो लेन्सच नाही."

"त्याला म्हणावं, आहे. तुझ्या बापाच्या वयाची आहे, जरा अदबीने वाग."

कॅमेऱ्याच्या मेन्यूच्या यादीत खूप आत एक जागा सापडली, तिथे त्याला सांगता येत होतं की लेन्स नसली तरी फोटो काढ. सांगितलं. मग ऐकलं त्याने.

पहिला फोटो मी कुंपणावरच्या मांजराचा काढला. मांजर स्वच्छ, एक एक मिशी मोजून घ्या. दुसरा डोंगरांचा काढला तर सगळे डोंगर दुधात बुडालेले. कडी शेवटपर्यंत फिरवली तरी तेच. अताकेंना सांगितलं तर ते हसले. "कडी जाड झालीय. केसभर जाड झाली तरी लांबचं दिसत नाही. जवळचं दिसतं, लांबचं नाही. इस्मारला सांग, अर्धा मिलिमीटर काढ."

इस्मार कुरकुरला, "अर्ध्या मिलिमीटरने ट्रॅक्टर अडत नाही," पण काढून दिलं. घरी येऊन कडी फिरवली तसे डोंगर धुक्यातून पुढे आले आणि उभे राहिले. मला इतका आनंद झाला की मी कॅमेरा तसाच अताकेंच्या हातात दिला. "आता तुम्ही काढा."

त्यांनी हात मागे घेतला. "माझं रीळ संपलंय," म्हणाले आणि काठी घेऊन मेंढ्यांकडे गेले.

मला वाईट वाटलं. आपलं काही चुकलं असं वाटलं. एने ओट्यावर कणीक मळत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तू मनाला लावून घेऊ नकोस, सूनबाई," एने म्हणाल्या. "शेवटच्या वर्षी ह्यांनी घोड्यांच्या शर्यतीचे फोटो काढले. एकही धड नाही, सगळे धूसर. संपादक एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा ट्रंकेत गेला."

"पण ते तर म्हणतात रीळ मिळत नव्हतं."

"रीळ मिळत होतं. डोळे मिळत नव्हते. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं होत नाही म्हणाले डॉक्टर. चेहरे ओळखतात, रस्ता दिसतो. पण बारीक दिसत नाही. हे कुणाला सांगू नको असं मला सांगितलंय, आणि मी कुणाला सांगितलेलं नाही."

"मला सांगितलंत."

"तू कुणी आहेस का," एने म्हणाल्या आणि कणकेवर ओलं फडकं टाकलं.

म्हणजे स्क्रू म्हणूनच मला काढायला लावले होते, आणि लेन्स म्हणूनच डोळे मिटून बघितली होती. त्या दुपारी चोल्पोन झोपल्यावर मी कॅमेऱ्याची सगळी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. भूगोल शिकवणारी बाई आहे मी, नकाशात शोधायची सवय आहे. दोन गोष्टी सापडल्या. एक, पडद्यावरचं चित्र दहापट मोठं करता येत होतं. दुसरी, हाताने फोकस करणाऱ्यांसाठी एक सोय होती. जिथे फोकस बसेल तिथल्या कडा कॅमेरा लाल रंगाने रंगवून दाखवायचा. फोटोत ते लाल येत नाही, फक्त बघण्यापुरतं.

एने अंगणात मोठ्या कढईत बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळत होत्या. अताके परत आले होते. मी कॅमेरा त्यांच्यासमोर धरला, पडदा त्यांच्याकडे, लेन्स एनेंकडे.

"कडी फिरवा."

"सांगितलं ना, पोरी..."

"फक्त फिरवा. फोटो काढू नका."

त्यांनी नाइलाजाने कडीला बोट लावलं. पडद्यावर आधी कढईची कड लाल झाली. मग ती लाल रेघ सरकत सरकत मागे गेली, झाऱ्यावर, एनेंच्या बोटांवर, आणि रुमालाच्या किनारीवर येऊन थांबली. सगळी किनार लाल कशिद्यासारखी चमकली.

अताकेंचा हात थांबला. त्यांनी कडी थोडी पुढे नेली, लाल गेलं. मागे आणली, आलं. परत नेली, परत आणली. चार-पाच वेळा.

"हे लाल म्हणजे..."

"म्हणजे तिथे स्वच्छ आहे."

"मला दिसतंय," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, चहा गोड झालाय म्हणावं तसा. मग कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला, कोपर पोटाला टेकवलं आणि म्हणाले, "ए, इकडे बघ."

एनेंनी वर बघितलं. बटण वाजलं.

"काय हो म्हातारबुवा," एने म्हणाल्या, "एकतीस वर्षं जिल्ह्यातल्या सगळ्या गवळणींचे फोटो काढलेत. माझी पाळी आली ती बोरसोक जळायच्या वेळी?"

"जळू देत," अताके म्हणाले. "परत बघ."

त्या दिवशी आम्ही जरा काळसरच बोरसोक खाल्ले.

जूनच्या शेवटी चोल्पोनचं तुशू ठरलं. लेकरू चालायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा धागा बांधतात, बाकीची मुलं लांबून धावत येतात आणि जो पहिला पोचेल तो धागा कापतो. मग तोच लेकराचा हात धरून त्याला पावलं टाकायला लावतो. हे एकदाच होतं, आणि आईने लेकराला धरून उभं राहायचं असतं. म्हणजे माझे दोन्ही हात गुंतलेले.

"मी काढतो," जेवताना अताके म्हणाले.

तालांतने माझ्याकडे बघितलं. "अताके, मी मोबाईलने पण काढतो. असू देत जोडीला."

"काढ की. दोनशे काढ."

त्या दिवशी सत्तर-एक माणसं जमली. पुलावाच्या कढया चढल्या, शेजाऱ्यांनी टेबलं आणली. चिनारांच्या रांगेच्या टोकाला चौदा-पंधरा मुलं रेघेवर उभी राहिली. मी चोल्पोनला घेऊन लोकरीच्या पांढऱ्या नमद्यावर आले, एनेंनी तिच्या घोट्यांना धागा बांधला. अताके चार पावलांवर गुडघा टेकून बसले, कॅमेरा पुढे धरला आणि तसेच राहिले. मग कॅमेरा तिरका केला, सरळ केला, टोपी काढून त्यावर धरली.

मला कळलं. ऊन अगदी डोक्यावर होतं. पडदा आरशासारखा झाला होता, त्यात त्यांना त्यांचीच दाढी दिसत असणार. ह्या कॅमेऱ्याला डोळा लावायला खिडकी नाही, जे काही आहे ते पडद्यावर. मी चोल्पोनला सोडून जाऊ शकत नव्हते. तिकडे पंचाने हात वर केला होता.

"काय झालं?" एनेंनी विचारलं.

"दिसत नाही," अताके म्हणाले. इतक्या लोकांत ते हा शब्द पहिल्यांदाच बोलले.

एनेंनी क्षणभरही विचार केला नाही. अंगातला सणासुदीचा काळा मखमली कोट काढला, पंचाला ओरडून सांगितलं, "थांब रे, धावायला लावू नकोस," आणि कोट अताकेंच्या डोक्यावरून कॅमेऱ्यासकट टाकला. मखमलीतून फक्त लेन्सचं तोंड बाहेर राहिलं. पाहुणे हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "साकेंना लपवताय कुणापासून?" एने दोन्ही हातांनी कोटाची कड घट्ट धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यापासून."

आतून आवाज आला, "दिसतंय. धाग्यावर फोकस केलाय. धावणाऱ्यांच्या मागे मी लागणार नाही, ते जिथे येणार आहेत तिथे बसलोय. पहिलं पोर जवळ आलं की सांग."

"सांगते. सोडा मुलांना," एने म्हणाल्या.

मुलं सुटली. धूळ, आरडाओरडा, कुत्रंही धावतंय. शेजारच्यांची आयपेरी, सात वर्षांची, एक बूट वाटेत टाकून सगळ्यांच्या पुढे. "आली," एने कोटात तोंड घालून म्हणाल्या, "आली, वाकली, कात्री उघडली." बटण वाजलं. एकदाच.

धागा तुटला. आयपेरीने चोल्पोनचा हात धरला आणि माझी मुलगी तीन पावलं चालली, मग नमद्यावर बसकण मारून टाळ्या वाजवायला लागली. बटण आणखी दोनदा वाजलं. मी रडतेय की हसतेय ते मलाच कळत नव्हतं, आणि कोटाखालून एक म्हातारा खोखो हसत होता हे मात्र सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर अताके दिवसभर फिरले. सावलीत कोट लागत नव्हता, उन्हात एने कोट घेऊन मागे. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि कॅमेरा दिला. "घे. झाले छत्तीस."

"काय छत्तीस?"

"फोटो. रीळ संपलं."

"अताके, ह्यात हजार मावतात."

 "मग आधी सांगायचं," म्हणाले. "रीळ पुरावं म्हणून मी जावईबापूंना मुद्दाम वगळलं." जावईबापू म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा.

जेवणं झाल्यावर तालांतने कॅमेरा टीव्हीला जोडला. छत्तिसातले चार वाया गेले होते. बाकीच्यांत कुणी घास घेत होतं, कुणी कुणाच्या कानात बोलत होतं, माझी नणंद चपला शोधत होती. आणि धाग्याचा तो एक फोटो. कात्री उघडी, धागा ताणलेला, आयपेरीचा एक पाय उघडा, चोल्पोनचं तोंड आश्चर्याने गोल. मागचे चिनार मात्र गोल गोल फिरल्यासारखे, जणू सगळी झाडं तिच्याभोवती फेर धरून नाचतायत.

"झाडं का फिरतायत?" आयपेरीच्या आजीने विचारलं. "पोरीला चक्कर येईल."

"जुनं भिंग आहे," अताके म्हणाले. "वय झालं की कडेचं थोडं फिरतं. मधलं नीट दिसतं तोवर तक्रार करायची नाही."

तालांतने आपला मोबाईल खिशात ठेवला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "अताके, माझा पण एक काढा ना. गाडीबरोबर."

"गाडी धू आधी."

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. पुढच्या रविवारी दारात निवृत्त पशुवैद्य तोक्तोसुन उभे. हातात रुमालाची पुरचुंडी. "साके, माझ्याकडेही एक पडून आहे. बघ लागते का." आटे तेच, इस्मारच्या कडीवर सहज बसली. त्याच्या पुढच्या रविवारी इस्मारच आला, त्याच्या वडिलांची घेऊन. म्हणे ट्रॅक्टरला सुट्टी आहे. झोयाकडे मोज्यात आणखी दोन निघाल्या. ह्या गावात घराघरांत, ट्रंकेत, शिवणयंत्राच्या खणात, औषधांच्या डब्यात असल्या लेन्स पडून होत्या आणि प्रत्येकाला वाटत होतं आपलीच तेवढी उरलीय.

आता रविवारी आमच्या अंगणात समोवार असतो, टेबलावर नऊ लेन्स आणि एक कॅमेरा. कॅमेरा माझा, पण माझी पाळी शेवटी. तोक्तोसुनना सगळ्या लेन्समधून स्वतःची गायच बघायची असते. इस्मार कुणाचीही कडी ढिली असली की खिशातून पाना काढतो. एनेंचा कोट कायमचा खुर्चीच्या पाठीवर टांगलेला, त्याला त्या "डार्करूम" म्हणतात आणि दुसऱ्या कुणी डोक्यावर घेतला तर ओरडतात.

परवा मला पाळी मिळाली तेव्हा ऊन उतरलं होतं. चोल्पोन टेबलाच्या पायाला धरून उभी होती. मी खाली बसले, कडी फिरवायला लागले आणि तिघं म्हातारे माझ्या डोक्यावर वाकले.

"भिंगाचं तोंड दोनवर उघड," तोक्तोसुन म्हणाले.

"दोनवर नको, पोर हलतंय, चारवर ठेव," इस्मार.

"अंधारात चार? आंधळा आहेस का तू?"

"अंतर दीड मीटर," अताके शांतपणे म्हणाले. "तिचं ती बघेल, गप्प बसा."

चोल्पोनने टेबल सोडलं आणि सरळ माझ्या दिशेने चालत सुटली. मी कडी फिरवते, ती पुढे येते, मी फिरवते, ती पुढे येते. शेवटी मी बटण दाबलं आणि ती लेन्सवर येऊन आदळली. पडद्यावर बघितलं तर चेहरा धूसर, फ्रॉक धूसर, झाडं गोल फिरतायत. पुढे केलेली पाच बोटं मात्र लख्ख, नखांतल्या मातीसकट.

अताकेंनी फोटो दहापट मोठा केला, बोटांवरून हळूहळू सरकवत नेला. प्रत्येक बोटावर थांबले.

"चांगला आहे," म्हणाले. "पुसू नकोस."

मग कॅमेरा तोक्तोसुनकडे गेला. त्यांची गाय दारात आली होती.